दहा नंबरचा पाना

इंजिनाला भोकं मोजकीच असतात. एक प्लगचं, एक तेलाचं, दोन-चार झाकणांखालची. पण त्यातल्या प्रत्येकात आमच्या हातून काहीतरी पडलंय आणि ते काढताना प्रत्येक वेळी भलतंच काही घडलंय. असे किस्से साठत जातात. माझेही साठले. त्यातले बरेच मला अजून नीट कळलेले नाहीत.

कलकत्त्याकडे सहा वर्षं यंत्रं शिकून मी शिरवण्याला परत आलो, तेव्हा गावातली शेतं नव्या शहरात गेली होती आणि शेजारी कारखान्यांत. जो मशीन चालवतो त्याला मशीनचं पोट माहीत पाहिजे, या एका ध्यासाने मी मंडळ काढलं. दर रविवारी शेजारच्या काशिनाथदादाच्या अंगणात त्याची मोटारसायकल खोलायची. मंडळात आम्ही चौघं. मी, दादा, खाडीवर चिंबोऱ्या धरणारे त्याचे वडील नामाबाबा आणि दादाचे भाडेकरू गायकवाड. गायकवाड मूळचे जालन्याकडचे, सरकारी कचेरीत कारकून.

पहिल्या रविवारी मी छोटं भाषण केलं. "यंत्राला घाबरायचं नाही," असं म्हणत हात उंचावला आणि हातातला नट प्लगच्या भोकातून थेट पिस्टनवर गेला.

दादा म्हणाला, "आता यंत्र तुला घाबरलं."

*

नट काढायला मी कॉलेजातून आणलेलं बोटाएवढं लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं. सिलिंडरही लोखंडाचाच असतो, हे मला परीक्षेत आलं असतं. चुंबक भिंतीला चिकटलं. ओढलं, तर नुसती दोरी हातात आली.

"पहिलं एक अडकलं होतं," गायकवाड शांतपणे म्हणाले. "आता दोन."

नामाबाबांनी चिंबोऱ्या बिळातून ओढायची बारीक आकडी आणली आणि चुंबक हळूहळू वर सरकवत बाहेर काढलं. मग होडीला लावायचं डांबर काडीच्या टोकाला लावून काडी नटावर टेकवली.

"हात गप ठेवायचा," ते म्हणाले. "तो आपून येतो."

आला. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात डांबर नव्हतं.

*

त्यानंतर मी आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपचा नियम लावला. सगळी हत्यारं पांढऱ्या फडक्यावर मांडायची, सुरुवातीला मोजायची, शेवटी मोजायची. आकडा जुळल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. म्हणजे नाहीच. हत्यारं चौदा. बाबांच्या होडीच्या काठाला लावायचा पिवळा रंग मागून घेतला आणि प्रत्येकावर एकेक ठिपका दिला. होडीला नुकतंच मशीन बसलं होतं. त्याच्या पान्यांनाही ठिपके देतो म्हटलं, तर बाबा म्हणाले, "माझे मी वलखतो."

गायकवाडांनी वही घातली आणि शेऱ्यासाठी वेगळा रकाना आखला. एकदा बारका स्क्रूड्रायव्हर आत घसरला, तेव्हाचा शेरा असा: "सकाळी साडेदहा वाजता इंजिनात रुजू. दुपारी दोन वाजता कार्यमुक्त."

*

एकदा आत डोकावायला मी सुमनवहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, कुंकवाचा छोटा आरसा मागितला. कोणाच्या हातून काय पडलं यावर आमचा वाद चालला होता.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पहिलं तोंड बघा त्यात. कोनी पाडलं ते दिसंल."

*

आता शेवटचा. वहिनींचे दिवस भरत आले होते. दवाखाना वाशीला, बसचा भरवसा नाही आणि सगळ्या आळीत गाडी ती एकच. ऐन वेळी गाडीने दगा देऊ नये म्हणून मीच म्हटलं, रविवारी पूर्ण सर्व्हिसिंग करून टाकू.

दुपारपर्यंत सगळं झालं. झाकण लावायच्या आधी मोजलं, तेरा. पुन्हा मोजलं, तेरा. दहा नंबरचा पाना नव्हता. फडकं झटकलं, अंगण धुंडाळलं. उरलं फक्त इंजिन.

वहिनी दारात आल्या. "भावोजी, किती वेळ?"

"वहिनी, तेराच भरतायत."

"माझ्या कळा पंधरा-पंधरा मिन्टांनी येतायत," त्या म्हणाल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

दादाचा चेहरा उतरला. "बंद कर ते."

"दादा, पाना आत असला आणि रस्त्यात इंजिन जाम झालं तर? वहिनी मागे बसलेल्या असताना?"

"आनि इथंच बसलो तर?"

नियम बरोबर होता आणि वहिनीही बरोबर होत्या.

नामाबाबा उठले. "आकडी घिऊन येतो," म्हणत होडीकडे गेले. बराच वेळ लागला त्यांना. आले ते आमच्याकडे पाठ करून इंजिनापाशी बसले. "उजेड आडवू नका." आकडी आत फिरली.

"हाय," बाबा म्हणाले.

दहा नंबरचा पाना, तेलाने काळा झालेला. पुसताना ठिपक्याचा पिवळा रंग माझ्या अंगठ्याला लागला. तेलाने रंग सुटतो, ही नोंद मी तेव्हाच मनात करून ठेवली. चौदा! गायकवाडांनी सही केली, झाकण लागलं, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वहिनी मध्ये, मागे त्यांच्या सासूबाई. संध्याकाळी दादाला मुलगी झाल्याचा निरोप आला.

वहिनी बाळाला घेऊन घरी आल्या, त्या दिवशी सासूबाईंनी अंगणातला वाळलेला जवळा गोळा केला. जवळ्यावरचं फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर काही ना काही ठेवलेलं होतं. त्यातलं एक उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"घे बाबा तुजा. त्या दिशी सकाली सुमननं ठेवला होता."

दहा नंबरचा पाना. पिवळा ठिपका, खडखडीत वाळलेला.

गायकवाडांनी वही आणली. 'पंधरा' लिहिलं, पेन शेऱ्याच्या रकान्यावर नेलं आणि टोपण लावलं.

मी ओटीवर गेलो. बाबा नातीला मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, मग इंजिनातून निघाला तो कुणाचा?"

बाबांनी वर पाहिलंच नाही.

"हलू बोल," ते म्हणाले. "निजली हाय."