सुकदेवभाऊंचं लांबलेलं मरण

आमच्या सिनेमात मरायला माणूस लगेच मिळाला. विधवा व्हायला मात्र बाई मिळेना.

मरणारे सुकदेवभाऊ आमचे शेजारी. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी वीस वर्षं कामं केली, पण दर वेळी हवालदाराची. एकदा तरी लोकांसमोर मरायला मिळावं, ही त्यांची जुनी इच्छा. "पैसे नको, बाप्पा. फक्त मरण चांगलं दे," एवढीच त्यांची अट. पैसे माझ्याकडे नव्हतेच, म्हणून मी ती उदार मनाने मान्य केली.

सिनेमा पाच मिनिटांचा. माझ्या मोबाइलवर काढायचा आणि नागपूरच्या एका स्पर्धेला पाठवायचा. विषय गंभीर! नवरा गेला की बाईचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, तो अन्याय. (पटकथा माझीच. लिहिताना माझेच डोळे दोनदा भरून आले होते.) पण आसगावातली एकही सवाशीण खोटंखोटं कुंकू पुसायला तयार होईना. आईला विचारलं, तर तिने उलथणंच उगारलं.

"तुझे बाबा तिथं धडधाकट बसून आहेत, अन् मी कुंकू पुसू?"

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "काहून मारून राहिला रे मले?"

शेवटी मोठी आई पुढे झाली. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. मोठे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. "मले घे," ती म्हणाली. "माझं तर सारं पाठच आहे." मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. ती काय बोलली, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

पहिल्या सीनमध्ये नवरा जिवंत असतो, म्हणून अड्याळच्या बाजारातून डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. मोठ्या आईने ट्रंकेतून लाल लुगडं काढलं, आरशासमोर बसली आणि कुंकू लावलं. कुंकू अगदी मधोमध लागलं. ती आरशात इतका वेळ बघत राहिली की मोबाइल बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मग सुकदेवभाऊ नाटकाच्या आवाजात "चहा आण वं!" असे गरजले, आणि कुंपणापलीकडच्या दोन म्हशींनी दावी तोडली.

मरण दुसऱ्या दिवशी होतं. सुकदेवभाऊ आले ते आदल्या सीनमधली मिशी सफाचट करून!

"मरायचं होतं नं, म्हणून जरा चांगलं दिसावं म्हटलं."

मी सगळ्यांना अंगणात उभं करून झापलं. "सिनेमा संपेपर्यंत अंगावरचं काही बदलायचं नाही! मिशी नाही, लुगडं नाही, बांगडी नाही!"

"बांगड्या बी नाही?" मोठ्या आईने विचारलं.

"अजिबात नाही!"

"बरं," ती म्हणाली. इतक्या पटकन तिने आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं.

मिशी परत यायला महिना लागला. तोवर मोठी आई बांगड्या वाजवत नळावर गेली, धानाच्या रोवणीला गेली, एका बारशालाही जाऊन आली. कोणी नाक मुरडलं की तिचं उत्तर तयार असायचं. "शूटिंग चालू आहे. पुतण्यानं सांगतलं, काढाची नाही."

मिशी आली, पण मरण येईना. एका रविवारी मोठ्या आईचं अंग तापलं. पुढच्या रविवारी रोवणी निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी ती म्हणाली, "सुकदेव, तुझी मिशी अजून बारीक दिसते." सुकदेवभाऊ खाटेवर ताडकन उठून बसले.

"वहिनी, घर पाहुण्यायनं भरलं आहे! सारे मरण पाहाले आले, अन् तुम्ही मले मरू देऊन नाही राहिल्या!"

दुसऱ्या दिवशी स्पर्धेची मुदत संपत होती. मी दगड घेऊन मोठ्या आईपुढे बसलो. "आता फोड. हा सिनेमा बायांच्या सन्मानासाठी आहे!"

"मंग माझ्या बांगड्या कायले फोडून राहिला, बापू?"

मी म्हणालो, "अगं, सीन आहे." ती मनगटाकडे बघत बोलली. "एक डाव फोडल्या माझ्या. तेव्हाही मले कोणी विचारलं नाही." मग हळूच म्हणाली, "सिनेमा संपला का, बांगड्या काढा लागते?"

माझ्या हातात दगड होता. मला फार लाज वाटली. दगड मी खाटेखाली सरकवला.

"नाही, मोठी आई. संपला कुठं? चालू आहे."

त्याला आता दोन वर्षं झाली. गेल्या रोवणीत तिची एक बांगडी फुटली, तर आईने, त्याच उलथणं उगारणाऱ्या आईने, स्वतःच्या हातातली काढून तिच्या हातात चढवली. "नाही तर सीन बिघडते," म्हणाली. सुकदेवभाऊ मिशी राखून दर रविवारी विचारायला येतात, "आज मरू काय?" मी आभाळाकडे बघून सांगतो, "आज उजेड बरोबर नाही."

पाच मिनिटांचा सिनेमा दोन वर्षांत झाला नाही, म्हणून पानठेल्यावर मला बघून लोक हसतात. परवा मोठी आई तिथूनच चालली होती. बांगड्यांनी भरलेला हात उगारून ती सगळ्यांवर ओरडली.

"हसू नका गा! शिकून राहिला तो अजून!"