शिकवणारे सर

"म्हनून दाखवा," असं म्हणत सर खाटेच्या कठड्यावर पेन वाजवायचे. हे वाक्य आम्हा विद्यार्थ्यांसाठी नव्हतं. आमच्यासाठी दुसरं होतं: "पुस्तकात आहे, वाचून घ्या."

मेडिकल कॉलेजाच्या आसपास राहत असाल, तर असा एखादा प्राध्यापक तुम्हीही पाहिला असेल. कडक इस्त्रीचा कोट, खिशाला पेनांची रांग आणि पेशंटला हात लावायचा कंटाळा. मला हा माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही.

सकाळी वॉर्डात यायचे, हजेरीची सही करायचे आणि स्वतःच्या दवाखान्यात पळायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, की हृदयाचे ठोके कसे ऐकायचे ते एकदा दाखवा. सगळ्यांसमोर त्यांनी मला आधी इंग्रजी सुधारायला सांगितलं. माझे बाबा राजूरच्या खाणीत कामाला होते, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्याचाही उल्लेख झाला आणि पोरं हसली.

कॉलेजची मान्यता तपासायला पथक येणार म्हटलं, की मात्र सरांच्या अंगात वारं शिरायचं. एरवी आमच्या निम्म्या खाटा रिकाम्या. मग बाभुळगावकडून धडधाकट माणसं गाडीत भरून आणायची आणि जेवण-रोजी देऊन खाटांवर झोपवायची. सर त्यांना आजार शिकवत. आणि काय मन लावून शिकवत! एकेका खाटेशी बसून, न चिडता, त्यांच्याच बोलीत.

"आजी, छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटून राह्यलं, म्हना. डाव्या हातात कळ जाते. घाम सुटते. म्हनून दाखवा."

आजी चुकली, की सर पुन्हा पहिल्यापासून सांगत. जमलं, की तिच्या पाठीवरून हात फिरवत. हार्ट अटॅकची लक्षणं इतकी नीट समजावलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली, तीही मागे उभा राहून. कॉलेजची मान्यता टिकली.

पुढे मी इंटर्न झालो. एका दुपारी सरांचा ड्रायव्हर त्यांना धरून कॅज्युअल्टीत घेऊन आला. शर्ट घामाने चिंब. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, डाव्या हातात कळ जातेय, असं ते कसंबसं म्हणाले आणि मला आजी आठवली. सिस्टरने गोळी दिली. मी ईसीजीच्या वायरी हातात घेतल्या, पण छातीवर कुठली कुठे लावायची ते मला येईना. अंदाजानेच एक लावायला गेलो.

सरांनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा थंडगार होता. ते फार घाबरले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांची दया आली.

"कुठं लावून राह्यला? तुले शिकवलं कोनं?"

"तुम्हीच, सर."

त्यांनी मनगट सोडलं आणि ड्रायव्हरला नागपूरला न्यायला सांगितलं. तिथे ते वाचले. कॉलेजात मात्र परत आले नाहीत, आणि कोणालाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही.

यंदा पुन्हा पथक यायचं ठरलं. गाडी आली. आजी आपल्या नेहमीच्या खाटेवर जाऊन बसली आणि बराच वेळ दाराकडे बघत राहिली. शेवटी तिने मला जवळ बोलावलं.

"ते शिकवनारे सर काहून नाही आले जी? मले सारं पाठ हाय अजून."