खुर्चीला बांधलेला कॉम्प्युटर

आधी ताईची जीभ जड झाली, मग बोटं. माझी थोरली बहीण पनवेलच्या शाळेत मराठी शिकवायची. वर्षभरात तिचं बोलणं थांबलं. उजवा अंगठा तेवढा तिचं ऐकायचा.

भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पलंगाशेजारी डेस्कटॉप लावला. पडद्यावर एकेक अक्षर उजळायचं, हवं ते आलं की ताई अंगठ्याने मोठं बटण दाबायची. वाक्य जुळलं की स्पीकर ते बोलून दाखवायचा. मशीन झटपट होतं, पण वीज गेली की यूपीएस काही मिनिटांत मान टाकायचा. एका दुपारी अर्ध्या वाक्यात पडदा काळा झाला. ताई डोळ्यांनी काहीतरी सांगत राहिली. आम्ही पाणी पाजलं, उशी सरकवली, वारा घातला. वीज आल्यावर तिने लिहिलं, ‘पाय दुमडला होता.’

भावजी पायांकडे बघत उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड समोर ठेवला. “हाच अख्खा कॉम्प्युटर. बॅटरीवर दिवस काढेल. पण स्वस्त आहे असं समजू नका. पडदा, बॅटरी, स्पीकर, मेमरी कार्ड सगळं वेगळं घ्यावं लागेल. तेवढ्या पैशात जुना डेस्कटॉप येतो, तोही याच्याहून जलद. आणि याची रॅम नंतर वाढत नाही.”

“चाकाच्या खुर्चीला बांधता येईल?” भावजींनी विचारलं.

“येईल.”

त्यांनी तो घेतला. व्हीलचेअरच्या पाठीला बांधला, पडदा पुढे बसवला. मात्र वाक्य जुळल्यावर आवाज फुटायला वेळ लागायचा. भेटायला आलेली माणसं तेवढ्यात विषय बदलून मोकळी व्हायची. ताई पुढचं वाक्य अर्ध्यावरच सोडून द्यायची.

“परत मोठा लावू का?” भावजींनी विचारलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “नको. आईकडे जायचंय.”

आई गावी, आपट्याला असते. तिला वाचता येत नाही. ओटीवर खुर्ची टेकवली. ताईने बटण दाबलं आणि स्पीकरमधून एक परकी, गुळगुळीत बाई म्हणाली, “आई, कशी आहेस?”

आईने पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे वळून म्हणाली, “ही कोण बोलतंय? माझी बाय अशी नाय बोलत.”

ताईने डोळे मिटले. मग अंगठा पुन्हा हलू लागला. पडद्यावर शब्द उमटले, ‘आवाज बंद कर. तू बोल.’

लहानपणी आम्हा दोघींचा आवाज दारापलीकडून कुणाला वेगळा ओळखता यायचा नाही. मी पडद्यावरचं वाचत गेले, घरच्या बोलीत. आई आधी माझ्याकडे बघायची, मग हळूहळू ताईकडेच बघून उत्तरं द्यायला लागली.

त्यानंतर आम्ही दर रविवारी जायचो. उन्हाळ्यात ताईचा अंगठाही थकला. तोवर ती माझ्या तोंडून आईशी भांडलीसुद्धा, बीपीची गोळी चुकवते म्हणून.

“घेतलीय गं,” आई तिला म्हणाली. घेतली नव्हती.