मांगरातली आंब्याची लाकडे

आश्विनातल्या उन्हावर आमच्या चुलतकाकांइतके प्रेम करणारा, आणि त्याच उन्हात बसून स्वतःच्या मरणाची इतकी नीट तयारी करणारा माणूस मालवण तालुक्यात दुसरा झाला नसेल. पाऊस मागे सरला आणि पहिले खणखणीत ऊन पडले की काका सकाळीच अंगणात उतरत. आमच्याकडे अंगणाला खळे म्हणतात. पावसाने उखणलेले ते खळे ते स्वतः कुदळीने उकरत, पाणी मारून चोपण्याने चोपत आणि माझ्या बायकोकडून सारवून घेत. सारवण वाळले की त्यावर अनवाणी चालून बघत. कुठे पायाला खडा लागला तर तेवढी वीतभर जागा पुन्हा. मग गोधड्या उन्हात पडत, उशा पडत, भाताची तुसे उडत, आणि गवती चहाचा कप घेऊन काका त्या सगळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसत. चेहऱ्यावर असे समाधान, की बघणाऱ्याला वाटावे हा माणूस शंभर वर्षे जगायला निघाला आहे. तेवढ्यात ते म्हणत, "बरा ऊन पडलाहा. ह्या माझा शेवटचा."

हे शेवटचे प्रकरण त्यांच्या प्रत्येक सुखाला चिकटलेले असे. मांडवावरून पिकलेले मोठे तवसे, म्हणजे जाड सालीची काकडी, काढून माळ्याला टांगले की ते त्याच्याकडे बघून म्हणत, "ह्या माझा शेवटचा तवसा." नव्या भाताचे पोहे चाखले की म्हणत, "गोड झालेत, पण माका पुढल्या वर्षी मिळाचे नाय." मी हिशेबाचा माणूस आहे, किराणाचे बिल दोनदा तपासल्याशिवाय पैसे देत नाही, पण काकांच्या शेवटच्या दिवाळ्या मोजणे मीसुद्धा सोडून दिले होते. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "काकानू, गेल्या वर्षीचा तवसा पण शेवटचाच होता." काका जराही न चळता म्हणाले, "तेव्हा चुकलंय. माणूस चुकता गो."

पण त्यांचे खरे शारदीय काम दुसरेच होते. त्यांच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या कौलारू शेडमध्ये, आंब्याच्या लाकडांची एक रास होती. ती चुलीसाठी नव्हती. ती काकांची होती. काकांसाठी होती. दर वर्षी आश्विनात तिच्यावरची ताडपत्री निघे, एकेक ओंडा खळ्यात येई, उन्हात उलटापालटा होई, वाळवीने धरलेला बाहेर जाई आणि त्या जागी नवा येई. लाकूड सुकले की नाही हे बघण्याची त्यांची एक रीत होती. दोन ओंडे हातात घेऊन एकमेकांवर आपटायचे. खणकन आवाज आला तर सुकले, बसका आला तर अजून ओले. पाहुणा आला तरी त्यालाही ते आपटून ऐकवत. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी ऐकवले होते. ते लग्न ठरले नाही.

यामागे एक कारण होते आणि ते काकांनी मला आयुष्यात एकदाच सांगितले. त्यांचे वडील आषाढात गेले. आठ दिवस पाऊस थांबत नव्हता. लाकडे ओली, रॉकेल संपले, माणसे भिजून थकली. काका तेव्हा शाळेत जात होते. "बापाशीक अर्धो ठेवन घराक इलंव," एवढेच ते म्हणाले, आणि लगेच मला वाळवीचे औषध आणायला कुडाळला पाठवले.

काकांना मूलबाळ नव्हते, काकी लवकर गेल्या. अग्नी मीच देणार हे ठरलेले होते, त्यामुळे राशीबरोबर दर वर्षी माझीही उजळणी होई. उन्हात बसून ते विचारत.

"खाली काय घालतलस?"

"जाड ओंडे."

"छातीवर?"

"मधले."

"आणि तू खंय उभो रवतलस?"

"पायाकडे."

"गाढवा, वारो बघून उभो रव. नायतर धूर खावन तू पण मरशील, आणि तुझ्यासाठी माझ्याकडे लाकडां नाय."

या सगळ्याचा एक कायमचा प्रेक्षक होता. तो गडग्यापलीकडचा शेजारी. गडगा म्हणजे सुट्या दगडांची कुंपणभिंत. त्या गडग्यावर एक फणस वाढला होता आणि तो कोणाचा यावर दोघांचे कोर्टात वर्षानुवर्षे चालले होते. दोघे एकमेकांशी बोलत नसत. पण गप्प बसणेही दोघांना जमत नसे, म्हणून शेजारी आपल्या म्हशीशी बोले आणि काका आपल्या कुत्र्याशी. काकांनी ओंडे आपटायला सुरुवात केली की पलीकडून मोठ्याने ऐकू येई, "बघ गे म्हशी, लाकडां सुकली, धनी काय सुकना नाय!" काका कुत्र्याकडे वळून म्हणत, "वाघ्या, सांग तेका, धन्याक घाई नाय. गडग्यापलीकडच्यांका आसली तर पुढे जावंदेत." मग दोन्ही बाजूंना समाधान होई. माझी बायको म्हणे, या दोघांना एवढे प्रेमाने बोलायला दुसरे कोणी शिल्लकच नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी आश्विन संपत आला तरी पाऊस गेला नाही. कापलेले भात शेतात भिजले, आडव्या पडलेल्या लोंब्यांना कोंब आले. काकांचे खळे अर्धे चोपून राहिले. आणि अशाच एका सकाळी, चिखलातून भाताच्या पेंढ्या बांधावर ओढताना, गडग्यापलीकडचा शेजारी खाली बसला तो उठला नाही. माणसे धावली तोवर सगळे संपले होते.

दुपारी प्रश्न लाकडांचा आला. पूर्वी कोणी गेले की वाडीतल्या प्रत्येक घरातून एकेक लाकूड येई. आता सगळ्यांकडे गॅस. ज्यांच्याकडे थोडी लाकडे होती ती भिजून काळी पडलेली. वखारीतून टेम्पो मागवला, तर त्यातल्या लाकडांतून पाणी निथळत होते. स्मशानातल्या शेडचे पत्रे आधीच्या वादळात उडालेले. वाडीत सुकी लाकडे एकाच ठिकाणी आहेत हे प्रत्येकाला माहीत होते आणि ते तोंडाने म्हणायची कोणाची छाती नव्हती. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी गेलो.

काका पडवीत बसले होते. समोर चहा तसाच.

"काकानू," मी सरळ म्हटले, "लाकडां व्हयीत."

"नाय," काका म्हणाले. "ती माझी आसत."

पागोळ्या गळत होत्या. गडग्यापलीकडे म्हैस ओरडत होती आणि तिला कोणी उत्तर देत नव्हते.

"तेंच्याकडे लाकडां नाय?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

"गॅस आसा. लाकडां खंयसून येतली?"

"आणि टेम्पोतली?"

"ओली."

"आपटून बघितलस?"

"आवाजच नाय, काकानू."

काका खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "पुढे जा म्हणान माझ्याच तोंडान तेका धाडलंय." मी म्हटले, असे काही नसते. त्यांनी ऐकले नाही. "तो पण अर्धो ऱ्हवतलो," ते म्हणाले, कप खाली ठेवला आणि उठले. "चल. ताडपत्री धर."

वळसा घालून जायची वाट शेतातून होती आणि शेतात गुडघाभर पाणी. काका ओंडा खांद्यावर घेऊन गडग्यापाशी गेले, थांबले, मागे येऊन ओंडा मांगराच्या कौलांखाली ठेवला, आणि ज्या गडग्याचा एक दगड हलला म्हणून त्यांनी एकदा पोलीस बोलावले होते त्याचे दगड स्वतःच्या हातांनी काढू लागले. माणूस जाईल एवढी खिंड पाडली. "उद्या परत लावतलंय," ते मला दरडावून म्हणाले, "कोर्टात कोणाक सांगा नको." त्या खिंडीतून सगळी रास पलीकडे गेली. एक ओंडा मागे ठेवा असे मी सुचवले, तर त्यांनी माझ्याकडे असे बघितले की मी तोही उचलला. स्मशानात पत्र्यांऐवजी तीच ताडपत्री चार जणांनी धरली. काका भिजत उभे राहून रचना सांगत होते. खाली जाड, मग मधले. मी छातीवर ठेवायला एक ओंडा उचलला, तसे ते ओरडले, "तो नको रे! हलको घे. तेका दमो होतो."

लाकडे उत्तम सुकलेली होती. संध्याकाळच्या आत सगळे झाले. अर्धे काही राहिले नाही.

त्या दिवाळीला शेजारच्या घरात सुतक, म्हणून पोहे नव्हते. काका स्वतः खिंडीतून वाडगा घेऊन गेले, शेजाऱ्याच्या बायकोसमोर ठेवला, आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवून परत आले. त्या वर्षी तवशाबद्दल ते काही बोलले नाहीत. मांगर रिकामा होता. मग कार्तिकात एक वठत आलेला आंबा विकत घेऊन त्यांनी तो फोडून रचला आणि जाहीर केले, "आंब्याक तीन उन्हाळे व्हयेत. तोपर्यंत माका मराक सवड नाय." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

उन्हाळ्यात शेजारणीने तो वादातला फणस तोडायला घेतला. घराच्या दारा-चौकटींना कीड लागली होती, नवे दार करायचे होते. वाडी गडग्याशी जमली, आता काका काय करतात बघायला. काका खिंडीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अवसेक तोडा. कीड धरूची नाय." बस्स, एवढेच. फळ्या चिरून तिच्या माळ्यावर सुकत पडल्या. आमच्याकडे येऊन काका पुटपुटले, "चितेक असतो तर मी घेतलो नसतंय. फणस धूर करता."

श्रावणात त्यांना ताप आला. डॉक्टरांनी बाहेर बोलावून मला जे सांगायचे ते सांगितले. बाहेर आषाढासारखा पाऊस. काकांनी खाटेवरून विचारले, "सुकली काय रे?" मी मांगरातून दोन ओंडे आणले आणि त्यांच्यासमोर आपटले. खोटे बोलून उपयोग नव्हता, आवाज त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. बसका आवाज आला.

"अजून नाय," मी म्हटले.

"मगे माका थांबाक व्हया," ते म्हणाले, आणि डोळे मिटून थांबायचा प्रयत्न करू लागले. पाऊस थांबला नाही. दोन दिवसांनी तेच थांबले.

मी मांगरात उभा होतो. एका उन्हाळ्याची ती लाकडे हाताला गार लागत होती. सगळी उजळणी पाठ होती आणि खाली घालायला काही नव्हते. तेव्हा खिंडीतून शेजारीण आली. मागे तिच्या दिराच्या खांद्यावर फळ्या. तिने त्या पडवीत काकांच्या पायांशी उतरवायला लावल्या आणि पदर सावरून म्हणाली, "काकानू, घेवा तुमचो फणस."

मी दोन फळ्या उचलून एकमेकींवर आपटल्या. खणकन आवाज आला.

धूर झाला, काका म्हणाले होते तसाच. मी वारा बघून उभा राहिलो. पण जळले, पूर्ण जळले. माणसे परतली तेव्हा मागे काही ठेवून आली नाहीत. शेजारणीच्या घराला अजून जुनेच दार आहे. मी नव्या दाराचे देतो म्हटले तर ती म्हणाली, "फिटला ता. तुमी मधी पडा नको."

यंदा ऊन वेळेवर पडले आहे. खळे मीच चोपले. माझ्या हाताने ते काकांसारखे होत नाही, दोन ठिकाणी खडा लागतो. माळ्याला तवसे टांगले आहे. काल सकाळी मांगरातले आंब्याचे ओंडे बाहेर काढून उन्हात मांडले, चहा घेतला आणि सवयीने दोन आपटून बघितले. गडग्याची खिंड कोणी बुजवलेली नाही. तिथून शेजारीण म्हशीला घेऊन जात होती, ती थांबली.

"सुकली काय ओ?"

"अजून एक उन्हाळो व्हयो," मी म्हटले.

"मगे घाई नाय," ती म्हणाली आणि म्हशीला हाकत खिंडीतून पलीकडे गेली.