नाव ठेवणारी मार्थामावशी

मार्थामावशीचा कोंबडा इतका म्हातारा होता, की आरवण्याआधी खोकायचा. त्याचं नाव फिलिप. मावशीच्या अंगणात फिलिपसारखे पेन्शनर पुष्कळ होते, कारण आमच्या या शेजारणीचा एकच नेम : "नाव ठिवलेलं खायचं न्हाई." आणि दिसेल त्या जनावराला ती नाव ठेवायची. त्यामुळे तिच्यापुरतं खाण्यासारखं जगात काही उरलंच नव्हतं. बाई जन्मभर भाजीभाकरीवर. लोकांना नावं न ठेवता नुसतं नाव ठेवणारी अशी बाई अख्ख्या कोल्हारात दुसरी नव्हती.

एकदा नगर-मनमाड रस्त्यावर ब्रॉयलरचा टेम्पो चहाला थांबला. ड्रायव्हरचा कप रिकामा होईतो मावशीने दोन पिंजरे उरकले. "ही रिबका, ही लेआ, ही नाक मुरडती ती सलोमी..." ड्रायव्हरने हात जोडले, "मावशी, थांबा की! मला केडगावला माल टाकायचाय!" पुढे तो कोल्हार आलं की काचा वर करून, डोळे मिटून गाडी हाणायचा, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

खाणाऱ्याला मात्र ती कधी बोलली नाही. "खा बाबा. फकस्त आदी त्याला हाक मारून बग." मी एकदा शहाणपणा केला, "मावशी, पहिल्या माणसानंसुद्धा जनावरांना नावं ठेवली. पुढं खाल्लंच की!"

"देवाच्या बागंत हुता तवर नावं ठिवली आन फळं खाल्ली," मावशी म्हणाली. "वशाट सुरू झालं ते बागंतनं हाकलल्याव."

नाताळ जवळ आला, की गल्ली बोकडं लपवायची. एका वर्षी आमच्या बाबांनी बोकडाला घोंगडी पांघरून पाहुण्यासारखं आत घेतलं. मावशी ओट्यावरून ओरडली, "पावना कोन म्हनायचा?"

गडबडीत बाबांच्या तोंडून निघालं, "शमुवेल!"

झालं. त्या नाताळात आम्ही वाटाण्याचा रस्सा खाल्ला आणि शमुवेलने चर्चच्या आवारातला झेंडू.

मग मावशी विसरायला लागली. आधी कोंबड्यांची नावं गेली, मग गल्लीतल्या माणसांची, मग पोटच्या याकोबाचं. गेल्या नाताळाच्या आदल्या दिवशी शमुवेल तिच्या दारात जाऊन नेहमीसारखा ओरडला. मावशी म्हणाली, "कुनाचं शेरडू हाय रं? हाकला त्याला."

बाबांनी ते ऐकलं. सुरीला धार लावायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मटणाचा वाडगा शेजारी मीच नेला. मावशीची सून रतन तो हातात घेऊन नुसती उभी राहिली. सासूच्या अंगात रक्त उरलं नव्हतं, डॉक्टरांनी ताकदीचं खायला घाला म्हणून बजावलं होतं. आणि मावशी वासाने उठून बसलेली, हात पुढे केलेला. "मला दे की गं. भूक लागलीया."

"दे तिला," याकोब म्हणाला. "तिला कुटं आठवतंय?"

"त्येंना न्हाई आठवत. मला आठवतंय न्हवं?" रतन म्हणाली. मग खाली वाकून सासूच्या कानाशी हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्यो शमुवेल हाय."

मी मावशीच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"कोन शमुवेल?" मावशीने विचारलं, आणि तोंड उघडलं.

रतनने भरवलं. मावशीने बोटं चाटली, "लई ग्वाड हाय" म्हणाली, अजून मागितलं. रतन भरवत राहिली आणि रडत राहिली. मी घरी आलो तर बाबांचं ताट वाढलेलं तसंच पडलेलं. ते अंगणात रिकाम्या दावणीकडे तोंड करून बसले होते.

ईस्टरच्या आत मावशी गेली. फिलिप अजून आहे. आता आरवत नाही, नुसता खोकतो.

मावशीच्या क्रुसावर याकोबाने तिचं नाव ठळक अक्षरांत रंगवून घेतलंय, लांबूनही वाचता यावं म्हणून. नाव ठेवलेलं खायचं नाही. पण हे मातीला कोण सांगणार?