बोटीच्या आतली बाजू

"समोरचा हसला की मला आधी दात दिसतात, माणूस मागून येतो," असं आमची आत्या एकदा म्हणाली होती.

ती विनोद करत नव्हती. चौतीस वर्षं तिनं कवळ्या केल्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एका खिडकीपाशी. दारावरची पाटी डॉक्टरांची आणि लोकांच्या तोंडातले दात आत्याचे. पेशंटनं तिला कधी पाहिलं नाही, तिनंही पेशंटला पाहिलं नाही. तिच्यापर्यंत पोचायचे ते प्लास्टरमध्ये घेतलेले जबडे, काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखे उघडे. ती त्यांना मेणाच्या हिरड्या करायची, त्यात एकेक दात बसवायची, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक ओतून शिजवायची, घासायची, चमकवायची. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांची एक पट्टी तिच्या टेबलावर असायची. "लोक पांढरे दात मागतात," ती म्हणायची. "पांढरे दात कुणाचेच नसतात. पांढऱ्या असतात त्या कपबश्या."

बसथांब्यावर एखाद्या अनोळखी म्हाताऱ्यानं जांभई दिली की ती थबकायची. "खालची अजून घट्ट आहे," असं पुटपुटायची आणि पुढं चालायची. म्हातारा बिचारा मागं वळून बघत राहायचा.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी बाबांच्या बोटीवर संक्रांत आली.

बाबा तिचे धाकटे भाऊ. पन्नाशी उलटली तरी तिच्यासाठी बाळ्याच. त्यांची बारा माणसांची फायबरची बोट या काठावरून त्या काठावर जायची. बाहेरून निळी, देखणी, पण आतून बघवत नव्हती. पंचवीस वर्षांत केबिनच्या भिंतींवरचा लेप झिजून काचेचे धागे उघडे पडले होते. टेकून बसणाऱ्याच्या कोपराला उतरल्यावर खाज सुटायची. सांध्यांत पाणी धरून काळी बुरशी आली होती. बंदरावरच्या तपासणी साहेबांनी कागदावर लिहून दिलं: केबिन आतून गुळगुळीत आणि धुता येईल अशी होईपर्यंत प्रवासी बसवू नयेत. फेरतपासणीला वीस दिवस. त्यात पास झाली नाही, तर बाबांची फेरी रांगेतल्या पुढच्या बोटवाल्याला जाणार होती, आणि गेलेली फेरी परत मिळाल्याचं आमच्या बंदरावर कुणी ऐकलं नव्हतं.

बोटींच्या यार्डात तीन महिने जागा नव्हती. फोरमन म्हणाला, "जेलकोटचा माल देतो, हार्डनर देतो, स्प्रे गनसुद्धा देतो. हात कुठून देऊ?"

बाबा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा आत्या भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "ते जेलकोट म्हणजे काय असतं रे, बाळ्या?"

"दाट रंगासारखं असतं. हार्डनर घातला की पंधरा मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. मग दगड."

"आणि वास?"

"डोकं फिरवणारा."

आत्या शेंगा सोलायची थांबली. "मग चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

बोट ट्रेलरवरून घरी आली आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. घरापेक्षा उंच दिसायला लागली. शिडी लावून आत जायचं. आत्यानं पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. केबिनमध्ये पाटावर बसून ती दिवसभर भिंतींवरून बोटं फिरवत होती. जीभ जशी तुटक्या दाताकडं पुनःपुन्हा जाते, तशी तिची बोटं खडबडीत जागांकडं जात होती. संध्याकाळी खाली उतरली तेव्हा हाताला पुरळ आला होता. म्हणाली, "तोंड मोठं आहे, एवढाच फरक."

नऊ दिवस नुसतं घासणं चाललं. खडबडीत पॉलिश पेपर, मग मधला, मग बारीक. खड्डे भरायचे, सुकू द्यायचे, पुन्हा घासायचे. ती उतरायची तेव्हा पापण्यांपर्यंत पांढरी झालेली असायची आणि तोंडावर मास्कचा तेवढा स्वच्छ त्रिकोण. आई म्हणायची, "वन्सं, आंघोळ करा आधी, नाहीतर मीच तुम्हाला भुताटकी समजून झाडू उगारीन."

"उगार. पण आधी जुन्या चादरी दे. पुसायला लागतात."

"माझ्या संसाराच्या चादरी तुमच्या बोटीच्या तोंडात गेल्या सगळ्या!"

पण द्यायची. अगदी मऊ झालेल्या, सुती निवडून द्यायची.

अकराव्या दिवशी आत्यानं उजव्या भिंतीवर जेलकोट मारला. कंप्रेसर बाहेर धडधडत होता. शिडीखालून आम्हाला फक्त तिची पाठ दिसायची आणि हात. हात घाईत नव्हता. डावीकडून उजवीकडं, पट्टा संपला की अर्धा पट्टा खाली, पुन्हा उजवीकडून डावीकडं. गनच्या कपात एका वेळी भिंतीच्या एका तुकड्यापुरताच माल. बाहेर पडली की लगेच गन अ‍ॅसिटोननं धुवायची, कारण आत उरलेलं थिजलं तर गन कायमची गेली. गन धुताना ती कुणाशी बोलत नसे.

संध्याकाळी फोरमन बघायला आला. भिंतीवर बोट टेकवलं तर बोट चिकटलं. "अरेरे," तो म्हणाला. "हार्डनर कमी पडला, ताई. खरवडून काढा सगळं."

बाबांचा चेहरा उतरला. आत्यानं भिंतीवर नखानं टिचकी मारली. कडक आवाज आला. "आतून वाळलंय. हवा लागते तिथं वरचा पापुद्रा ओला राहतो, एवढंच. तुझ्याकडं साच्यांना मारायचं पाण्यासारखं औषध असेल ना? वाळल्यावर कातडीसारखं सुटतं ते?"

"आहे. पण ते साच्यांसाठी."

"आण. हवा बंद केली की सुकेल."

फोरमननं आणून दिलं, ते तिनं भिंतीवर फवारलं. सकाळी त्याच्याच देखत कोमट पाण्यानं पुसलं. खाली भिंत वाळलेली, थंड, कठीण. फोरमननं दोनदा हात फिरवला. "बारा वर्षं हे औषध विकतोय मी," तो म्हणाला, "आणि मला हे एका दातवाल्या बाईनं शिकवावं?"

"फुकट शिकवलं," आत्या म्हणाली. "जा आता."

त्या दिवशी ती शीळ घालत होती. आणि डाव्या भिंतीवर तिनं घात करून घेतला.

डाव्या भिंतीला कपाटं होती, कपाटांना पितळी बिजागऱ्या. कवळीच्या कामात प्लास्टरला काही चिकटू नये म्हणून त्याला व्हॅसलिनचा हात मारतात. आत्याच्या बोटांनी तो चौतीस वर्षं मारला होता. लेप चिकटू नये म्हणून तिनं बिजागऱ्यांवरही मारला आणि हात ज्या फडक्याला पुसले त्याच फडक्यानं शेवटी पूर्ण भिंत पुसली. तिला कळलंसुद्धा नाही. माणसाचे हात त्याच्यापेक्षा जास्त काळ नोकरी करतात.

भिंतीवर जेलकोट पडला आणि आकसला. जागोजागी गोल गोल डोळे उघडले, माशाच्या डोळ्यांसारखे, प्रत्येकाच्या मध्यभागी जुनी राखाडी भिंत. शंभर, दोनशे. भिंत तिच्याकडं बघत होती. आम्ही शिडीखालून विचारलं, झालं का? मग मास्क काढून ती खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली.

"तूप लावलं मी त्याला," ती म्हणाली. "अक्कल गहाण ठेवून तूप लावलं. बाळ्या, चार दिवस गेले."

बाबा म्हणाले, "माल खराब असेल, ताई."

"माल चांगला आहे. बाई खराब आहे." मग उठली. "वहिनी, चादरी आहेत का अजून?"

आईनं या वेळी टोमणा मारला नाही. आतल्या खोलीतून नवी चादर आणली, घडीची, आणि स्वतःच तिचे चौकोन फाडायला बसली. भिंत खरवडायची, मग एका चौकोनानं एकदाच पुसायचं आणि फेकायचं, म्हणजे तूप पसरत नाही, असं आत्यानं सांगितलं. घरात दोन दिवस कापड फाटल्याचा आवाज येत होता. चौथ्या दिवशी डावी भिंत पुन्हा मारून झाली. तिथून पुढं पाणी लावून घासायचा पेपर, मग पॉलिश. केबिनमध्ये उभं राहिलं की अंगावर एक शांत, दुधी उजेड पडायचा. कपबशीचा पांढरा नव्हे. जरा पिवळसर, जरा करडा, माणसाच्या जवळचा.

राहिली होती मागच्या बाकाखालची पेटी. तिच्यात लाइफ जॅकेट ठेवायची. तपासणीच्या आदल्या सकाळी आत्यानं ती मारली. गारठा होता, आणि डाव्या भिंतीनं दोनदा खाल्ल्यामुळं माल तळाला गेलेला. लेप पातळ बसला. पातळ लेपाला स्वतःची ऊब धरता येत नाही, तो अर्धवट झोपल्यासारखा मऊ राहतो. औषध फवारूनही संध्याकाळी पेटीच्या तळात तिचं नख रुतलं.

"पेटी कच्ची आहे," तिनं जेवताना सांगितलं. "घासून पुन्हा मारावी लागेल. माल हवा आणि दोन दिवस हवेत."

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "दोन दिवस नाहीत, ताई. पेटीला झाकण आहे. वर बाक आहे. साहेब भिंती बघणार. पास होऊ दे, मग तू काय घासायचं ते घास."

"जॅकेट कुठं ठेवशील?"

"बघतो."

आत्यानं पाणी प्यायलं. भांडं खाली ठेवताना तिनं ते नेहमीपेक्षा हळू ठेवलं.

साहेब सकाळी दहाला आले. उंच माणूस, केबिनमध्ये मान वाकवून उभे राहिले. बाबा त्यांच्या मागं, आत्या कोपऱ्यात, आम्ही शिडीवर. साहेबांनी बूट बाहेर काढले होते, ते कुणी सांगितलं नव्हतं. उजव्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला, मग डाव्या. कपाटाचं दार उघडून आतला कोपरा बोटानं चाचपला, तिथंही गुळगुळीत. सांध्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी सरळ वाहून गेलं.

"यार्डातलं काम वाटत नाही," ते म्हणाले. "यार्डात कोपरे असे कोण करतं? जॅकेट?"

"मागच्या पेटीत, साहेब. बाराच्या बारा," बाबा म्हणाले.

साहेबांनी मान हलवली, बाकावर कागद ठेवला, खिशातून पेन काढलं. बाबांनी सोडलेला श्वास आम्हाला शिडीवर ऐकू आला.

आत्या पुढं झाली. साहेबांच्या कोपराजवळून तिनं कागद उचलला, दुसऱ्या बाकावर ठेवला आणि पेटीचं झाकण उघडलं. केशरी जॅकेट रचून ठेवलेली होती. वरची नऊ तिनं एकेक करून बाहेर काढली. दहावं ओढलं तर आलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढलं. चर्र आवाज झाला आणि जॅकेट निघालं. त्याच्या पाठीला पांढऱ्या लेपाचा तुकडा चिकटला होता आणि पेटीच्या तळाला केशरी कापडाचे धागे. अकरावं आणि बारावं तिनं ओढलंच नाही. बोटानं दाखवलं.

बुडत्या बोटीत कुणी जॅकेटसाठी हात घातला असता तर ते असंच अडकून राहिलं असतं, हे केबिनमधल्या प्रत्येकाला समजलं. साहेबांचं पेन उघडंच होतं.

"हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी आत्याला विचारलं.

तिनं तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "तिनं काल सांगितलं होतं, साहेब. ठेवू नको म्हणाली नाही, पण पेटी कच्ची आहे म्हणाली. जॅकेट मी भरली. पहाटे उठून भरली." "भिंती तिच्या. हे माझं."

साहेबांनी वाकून ती चिकटलेली दोन जॅकेट बघितली. मग कागद ओढून घेऊन लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले. केबिन योग्य. पेटी पक्की होईपर्यंत रिकामी ठेवावी. जॅकेट आत, छताखाली, हात पोचेल अशा हुकांना. तीन फाटकी जॅकेट बदलावीत, तोवर प्रवासी नऊच. आठ दिवसांनी पुन्हा बघणार. त्यांनी सही केली, कागद बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बारा लोकांची बोट नऊ लोकांवर चालवा आठ दिवस. फेरी तुमचीच."

बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ते वळले. "ताई," ते म्हणाले. "ताई, मी..."

आत्या पेटीच्या तळाशी वाकली होती. नखानं लेपाची कड उचलून बघत होती, किती खोलवर कच्चा आहे ते. मग कंबरेवर हात देऊन उठली. कोपऱ्यातला मास्क गळ्यात अडकवला, खरवडायची पट्टी आणि रिकामा कप उचलला. बाबांच्या अगदी जवळून जाताना त्यांच्या शर्टाच्या बाहीला लागलेला एक केशरी धागा तिनं चिमटीत धरून काढला. मग पाठमोरी होऊन, एकेक पायरी चाचपत, शिडीवरून खाली उतरली आणि नवा माल आणायला फाटकाबाहेर पडली.