बिनपायांचा सरडा

माझे धाकटे दीर सार्वजनिक बागेत माळी होते. गवतात लांबट, वळवळणारं काही दिसलं की सगळे त्यांनाच हाक मारत. बिनपायांचा सरडा दिसतो हुबेहूब सापासारखा, पण त्याला पापण्या असतात, सापाला नसतात.

"वहिनी, डोळा मारला तर समजायचं सरडा. साप असला वाह्यातपणा करत नाही," ते हसून सांगत आणि सरड्याला अलगद कुंपणापलीकडे सोडून देत.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली. नोकरी जाईल म्हणून त्यांनी हे बागेत कुणाला कळू दिलं नाही.

एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तर झोपाळ्यांपाशी आरडाओरडा चालला होता. भाऊजी वाकून बराच वेळ बघत राहिले. पापणी हललेली काही त्यांना दिसेना. मुलं जवळच होती. शेवटी त्यांनी फावडं घातलं.

मग मला हळूच विचारलं, "वहिनी, डोळे उघडेच आहेत ना त्याचे?"

"मिटलेत, भाऊजी."

त्यांनी तिथेच खड्डा खणून त्याला पुरलं आणि संध्याकाळी कचेरीत किल्ल्या देऊन आले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, पण फिरायला निघाले की बागेचा रस्ता टाळून लांबचा वळसा घेत.